दुसरी नजर : हौशी विमान आणि त्याचा तपासनीस
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



साठ वर्षांच्या कोणत्याही शाळेच्या आठवणींत एक दिवस हमखास निघतो, आणि तो म्हणजे तपासणीचा दिवस. साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी भिंतींना चुना लागे, फळ्यावर सुवाच्य अक्षरांत सुविचार लिहिला जाई, हुशार मुले पुढच्या बाकांवर येत आणि मोडके बाक मागच्या खोलीत जात. साहेब हजेरीपट पाहत, एखाद्याला पाढा विचारत, शेरेबुकात शेरा लिहीत आणि निघून जात. शाळा कशी आहे हे पाहण्यासाठी आलेल्या माणसाला ती जशी नाही तशी दाखवण्याची सारी धडपड असे. ही आठवण हसण्यावारी नेता येते, कारण मागच्या खोलीत लपवलेल्या मोडक्या बाकाने कोणाचा जीव जात नाही. परंतु एक क्षेत्र असे आहे की तेथे तपासनिसापासून लपवलेला एक बोल्ट जमिनीपासून हजार फुटांवर बोलू लागतो. आजचे विवेचन त्या क्षेत्राविषयी आहे.

जगात अशी काही माणसे आहेत की जी स्वतःच्या हातांनी विमान बांधतात. कारखान्यात नव्हे, घराच्या गॅरेजमध्ये, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, क्वचित गच्चीवरसुद्धा. अशा विमानाला हौशी विमान किंवा प्रायोगिक विमान म्हणतात. ‘हौशी’ हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये. मराठी माणसाला हौशी रंगभूमी ठाऊक आहे. पोटासाठी नव्हे तर ओढीसाठी केलेले काम किती मोलाचे असू शकते हे तिने दाखवून दिले आहे. मात्र नाटकात संवाद विसरला तर पडद्याआडून आठवण करून देणारा असतो. विमानात तो नसतो. म्हणून त्याने आधीच, विमान जमिनीवर असतानाच यावे लागते. त्यालाच तपासनीस म्हणतात. हा तपासनीस मिळवणे ही हौशी विमानकर्त्यापुढची सर्वांत कठीण पायरी असते. पत्रा कापता येतो, इंजिन विकत घेता येते. पण ‘हे यंत्र मी पाहिले आहे’ असे लिहून खाली सही करणारा परवानाधारक मेकॅनिक बाजारात मिळत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी बेंगळुरूसारखे दुसरे शहर नाही. २३ डिसेंबर १९४० रोजी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. आजची एचएएल ती हीच. याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आकाराला आले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडवले. घाटगे हे गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेले मराठी गृहस्थ. गणिताने विमान कसे उडते हे त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढे ठाऊक असणारी माणसे त्या काळी देशात फार थोडी असतील. पण कोणत्याही विमान कारखान्याचा पहिला नियम विद्वत्तेलाही सूट देत नाही. ज्याने भाग बनवला त्याने तो स्वतःच पास करायचा नाही. रिव्हेट मारणारा वेगळा आणि ती तपासून शिक्का मारणारा वेगळा. पंखाच्या आतले काम तपासल्याशिवाय वरचा पत्रा चढत नाही. शेकडो माणसांच्या कारखान्यात ही व्यवस्था आपोआप उभी राहते. खाती वेगळी, साहेब वेगळे, शिक्के वेगळे. एकट्याने विमान बांधणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते. तोच अभिकल्पक, तोच कारागीर, तोच भांडारपाल, आणि बहुधा पहिला वैमानिकही तोच. त्याला पत्रा, इंजिन, पैसा यांपेक्षाही उणीव भासते ती दुसऱ्या नजरेची.

आपल्याकडे एक म्हण आहे : ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे.’ हौशी विमानकर्त्याची अडचण या एका म्हणीत सामावलेली आहे. आठ-दहा वर्षे ज्या यंत्रावर रात्री घालवल्या, ते यंत्र त्याला निर्दोषच दिसू लागते. यात अप्रामाणिकपणा नसतो. स्वतःच्या निबंधातली शुद्धलेखनाची चूक जशी लिहिणाऱ्याला दिसत नाही आणि बाईंच्या लाल पेनाला क्षणात दिसते, तसेच हे आहे. लिहिणारा कागदावरचे शब्द वाचत नाही. मनात असलेले शब्द वाचतो. बांधणाराही समोरचा सांधा पाहत नाही, त्याने योजलेला सांधा पाहतो.

हौशी विमानबांधणीला शिस्त देण्याचे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत झाले. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे आपल्या सहकाऱ्यांसह एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन स्थापन केली. तेथील नियमानुसार विमानाचे निम्म्याहून अधिक काम शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी स्वतः केलेले असले, तर ते प्रायोगिक वर्गात नोंदवता येते. पुढे दर बारा महिन्यांनी त्याची तपासणी व्हावी लागते. ती परवानाधारक मेकॅनिक करतो. किंवा विमान ज्याने मुख्यतः बांधले त्याला त्या एकाच विमानापुरते दुरुस्ती-प्रमाणपत्र मिळवून ती करता येते. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. विमान विकले तर हे प्रमाणपत्र विमानाबरोबर जात नाही. नव्या मालकाला बहुधा मेकॅनिकचे दार ठोठावावे लागते, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात येते की दार सहजासहजी उघडत नाही.

या व्यवहाराशी बेंगळुरूचाही संबंध आहे. राज हंस अल्ट्रालाइट्स ही एका फ्रेंच गृहस्थाने येथे उभारलेली संस्था. तिच्या ‘एक्स-एअर’ या अतिहलक्या विमानाचे सुटे संच परदेशी गेले आणि ब्रिटनमधील हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये ते जोडले. तेथे संच आणला, जोडला आणि उडवला असे चालत नाही. संघटनेचा तपासनीस टप्प्याटप्प्याने येतो, सांगाडा उघडा असताना तो पाहतो, कापड चढल्यावर पुन्हा पाहतो आणि मगच पुढची पायरी मोकळी होते. हे तपासनीस बहुधा स्वतः विमान बांधणारे किंवा उडवणारे असतात. संच येथे बनले, पण त्यांच्याभोवतीची तपासनिसांची ही शेजारधर्मासारखी वीण तेथे विणली गेली.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की तपासणी म्हणजे एक औपचारिकता आहे. जरा चिकाटी धरली की सही मिळते. तसे ते का नाही हे एका अपघाताच्या कहाणीवरून स्पष्ट होईल. त्या कहाणीतल्या विमानाच्या जातीचीही बेंगळुरूला ओळख आहे. बर्ट रुटान या अमेरिकन अभिकल्पकाने ‘लाँग-ईझी’ नावाचे एक विमान आखले. त्याची लहान आडवी पंखी पुढे आणि इंजिन मागे. काचतंतू आणि रेझिन यांच्या थरांतून घरी बांधता येईल असे ते होते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने याच आराखड्यावर आधारित एक संशोधन विमान बांधले आणि १९८७ मध्ये ते उडवले. काचतंतूंच्या बांधणीचा अभ्यास हा त्यामागचा हेतू होता. पुढे याच प्रयोगशाळेचे ‘हंसा’ हे दोन आसनी विमान १९९३ मध्ये उडाले आणि २००० साली त्याच्या हंसा-३ या रूपाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे घरी बांधण्यासाठी काढलेला आराखडा येथे प्रयोगशाळेच्या शिस्तीत आला. तेथे प्रत्येक थराला साक्षीदार होते.

कॅलिफोर्नियात मात्र दुसऱ्या एका लाँग-ईझीचे भाग्य निराळे होते. ते एका हौशी माणसाने बांधले होते. वैमानिकाच्या खोलीत इंधनाच्या नळ्या असू नयेत, या सद्हेतूने त्याने मूळ आराखड्यात एक बदल केला. इंधनाची टाकी बदलण्याची खिट्टी आराखड्यानुसार वैमानिकाच्या पुढे, सहज हाताशी असायची. ती त्याने डाव्या खांद्यामागच्या भिंतीवर नेली. तिची कोणती दिशा कोणत्या टाकीची, याची खूण तेथे केलेली नव्हती. पुढे ते विमान विकले गेले आणि ऑक्टोबर १९९७ मध्ये जॉन डेन्व्हर या प्रख्यात अमेरिकन गायकाच्या हाती आले.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी माँटेरे विमानतळावर उड्डाणापूर्वी डेन्व्हर आणि तेथला एक तंत्रज्ञ यांच्यात या खिट्टीविषयी बोलणे झाले. ती हाताला नीट लागत नव्हती आणि फिरवायला जड होती. दोघांनी तिला पक्कड लावून लांबी वाढवण्याचा प्रयत्न करून पाहिला. तो साधला नाही. मागच्या बाजूचा इंधनमापक वळून न पाहता दिसावा म्हणून तंत्रज्ञाने एक छोटा आरसा दिला. तपासणीच्या वेळी सांदीकोपरे पाहण्यासाठी मेकॅनिक वापरतात तसला तो आरसा. इंधन भरून घेण्याची गरज नाही असे वैमानिकाने सांगितले आणि विमान उडाले. थोड्याच वेळात ते समुद्रात कोसळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढलेला निष्कर्ष असा : खिट्टीपर्यंत हात नेण्यासाठी मागे वळताना वैमानिकाचे लक्ष विचलित झाले, उजव्या पायाखालचे रडर नकळत दाबले गेले आणि विमान ताब्यातून निसटले. इंधनाचे अपुरे नियोजन आणि या प्रकारच्या विमानाचा तोकडा अनुभव ही वैमानिकाकडची कारणे मंडळाने नोंदवलीच. पण अवघड जागी बसवलेली, खुणा नसलेली ती खिट्टी हेही एक कारण म्हणून नोंदवले.

मित्रहो, या कहाणीतला तो आरसा विसरण्याजोगा नाही. दोष दिसला नव्हता असे नाही. दुसरी नजर हजर होती, तिने दोष पाहिला, त्यावर बोलणेही झाले. पण ती फार उशिरा आली आणि तिच्या हाती काहीच अधिकार नव्हता. विमान बांधून झाले होते, विकले गेले होते, उडण्यासाठी उभे होते. त्या घटकेला एक भला माणूस फक्त आरसा देऊ शकत होता. हीच नजर खिट्टी बसवण्याच्या दिवशी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये असती, तर ‘हात मागे नेऊन पाहा बरे’ एवढे एक वाक्य पुरले असते.

आता मेकॅनिकच्या बाजूने विचार करू. तो का येत नाही? त्याला आळशी किंवा भित्रा म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

पहिले कारण कागदाचे आहे. कारखान्यात बनलेल्या विमानाला प्रमाणित आराखडा असतो, देखभालीची पुस्तिका असते. कोणता नट किती जोराने आवळायचा हे त्यात लिहिलेले असते. मेकॅनिक आपले मत देत नाही. समोरचे यंत्र पुस्तिकेशी ताडून पाहतो. हौशी विमानाच्या बाबतीत ताडून पाहण्यासाठी काहीच नसते. ‘हे विमान सुरक्षितपणे चालवण्याच्या स्थितीत आहे’ असे त्याला स्वतःच्या जबाबदारीवर म्हणावे लागते. भारतात तर विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यावर त्याच्या अधिकाराचे वर्ग आणि विमानांचे प्रकार नमूद असतात. एका माणसाने एकट्याने बांधलेल्या विमानाचे नाव अशा यादीत सहजी सापडत नाही.

दुसरे कारण मालाचे आहे. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटारीचे सुटे भाग मिळतात, एस. पी. रोडवर तारा, स्विच आणि मीटर मिळतात. तेथला बोल्ट आणि विमानाचा बोल्ट शेजारी ठेवले तर नवख्याला दोन्ही सारखेच चकचकीत दिसतील. विमानाच्या बोल्टच्या डोक्यावर खूण असते, त्याच्यामागे कागद असतो, आणि त्या कागदावर तो कोणत्या धातूचा व कोणत्या कसोटीचा हे लिहिलेले असते. कागद हरवला की बोल्ट अनाथ होतो. अशा अनाथ भागांच्या यंत्राला कोणता मेकॅनिक आपले नाव देईल?

तिसरे कारण सर्वांत मोठे, आणि ते बहुधा बांधणाऱ्यानेच निर्माण केलेले असते. तो विमान पुरे करतो, रंगवतो, आसनांना गाद्या लावतो, आणि मग मेकॅनिकला बोलावतो. पंख बंद झालेला असतो. आतला कणा, सांधे, नियंत्रणाच्या तारा, इंधनाच्या नळ्या सगळे पत्र्याआड गेलेले असते. न पाहिलेल्या गोष्टीवर सही मागितली जाते. मेकॅनिक नकार देतो आणि बांधणारा दुखावतो. शाळेच्या तपासणीतला चुना येथे विमानाच्या रंगाच्या रूपाने पुन्हा भेटतो.

चौथे कारण माणुसकीचे आहे. मेकॅनिक बहुधा ओळखीतला असतो. दहा वर्षे राबलेल्या मित्राला ‘हा पंख पुन्हा उघड’ असे सांगणे जड जाते. म्हणून तो मुळात जाणेच टाळतो. सही केली आणि काही बरेवाईट झाले, तर परवाना जाईल, पोट जाईल आणि मन आयुष्यभर खाईल. सही नाकारली तर फक्त मैत्री जाईल. यातून तो मौन पत्करतो.

तपासनीस न मिळाल्याने काय होते याची मराठी माणसाला जवळची वाटणारी एक कहाणी आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. हा अभिमान अनेकांनी जपला. पण त्या प्रयोगाचा आराखडा, मोजमापे, तटस्थ साक्षीदाराचा अहवाल यांपैकी काहीही आज हाती नाही. तळपद्यांच्या प्रयत्नांशी ज्या ग्रंथाचे नाव जोडले जाते, त्या ‘वैमानिक शास्त्रा’ची तपासणी मात्र बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी केली आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रंथातील वर्णने आणि चित्रे त्यांनी विमानशास्त्राच्या नियमांवर घासून पाहिली. ती याने उडण्याजोगी नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा मानता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. हा निर्वाळा काहींना बोचला. परंतु तळपद्यांवर अन्याय झाला असेल तर तो या तपासणीने केलेला नाही. त्यांच्या हयातीत त्यांच्या यंत्रापाशी जाऊन ‘हे इतके वजनाचे, इतक्या मापाचे, आणि असे घडले’ एवढे लिहून ठेवणारा एक जाणकार मिळाला नाही, हा खरा अन्याय होय. अशी नोंद असती तर यश असो वा अपयश, त्यांच्या धडपडीला इतिहासात निश्चित जागा मिळाली असती.

याच मुंबईत शतकभरानंतर दुसरा प्रयत्न झाला. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. पण विमान दिसणे वेगळे आणि कागदावर असणे वेगळे. नोंदणीसाठी त्यांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागली. ती २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. चाचणी-उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये आला आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्यांचा पहिला टप्पा झाला. या कालावधीकडे दोन प्रकारे पाहता येते. एका कल्पक माणसाची इतकी वर्षे कागदांत जावीत हे क्लेशकारक आहे. आणि तरीही, सहा माणसांना घेऊन जाऊ पाहणारे यंत्र आधी कोणीतरी तपासावे, हा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही. उणीव आहे ती या दोहोंच्या मधल्या जागेत. शेजारच्या शेडमध्ये येऊन सांगाडा पाहणारा, चूक दाखवणारा, नोंदवहीत सही करणारा जाणकार आपल्याकडे व्यवस्था म्हणून उभा राहिलेला नाही. तो नसला की सारा भार एका टोकाला एकट्या माणसावर आणि दुसऱ्या टोकाला दूरच्या कार्यालयावर पडतो.

मग मेकॅनिकला आणायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर बांधणाऱ्याच्या वागण्यात आहे.

त्याला पहिला पत्रा कापण्यापूर्वी बोलवावे. आराखडा त्याच्यापुढे पसरावा. त्या दिवशी कोणतीही सही मागायची नसते, म्हणून त्यालाही भीती नसते. चहाच्या एका पेल्यात तो जे सांगून जाईल त्याने पुढची दोन वर्षे वाचतात. मूळ आराखड्यात जो बदल करावासा वाटेल, तो हेतू कितीही चांगला असला तरी आधी त्याच्यासमोर मांडावा. इंधनाची ती खिट्टी चांगल्या हेतूनेच हलवली गेली होती, हे ध्यानात ठेवावे.

नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला कोणता सांधा केला, कोणता माल वापरला, त्याचा कागद कोठे आहे, हे त्याच दिवशी लिहावे आणि छायाचित्रे जोडावीत. काचतंतूंचे काम असेल तर प्रत्येक वेळी त्याच रेझिनचा एक लहान तुकडा बाजूला घडवून त्यावर तारीख घालावी. पंखाच्या आतले रेझिन नीट कडक झाले की नाही, हे पंख न फोडता तो तुकडा सांगतो. मेकॅनिकला जे दिसू शकत नाही त्याची साक्ष अशा रीतीने जपता येते.

झाकण्यापूर्वी थांबावे. पत्रा चढवण्याची घाई म्हणजे तपासनिसाला दाराबाहेर ठेवण्याची घाई होय. आणि पुढेही पाहता यावे म्हणून योग्य जागी तपासणीची झरोकेवजा दारे ठेवावीत.

नियंत्रणाच्या यंत्रणेसाठी एक नजरही पुरत नाही. विमान उद्योगात नियंत्रणाच्या तारांना किंवा दांड्यांना हात लागला की दोन वेगवेगळ्या अधिकृत व्यक्तींनी त्या स्वतंत्रपणे तपासायच्या, अशी रीत आहे. दांडी डावीकडे नेली की डाव्या पंखाचे एलेरॉन वर उचलले गेले पाहिजे. ऐकायला हे बालवाडीतले वाटते. पण उलट्या जोडलेल्या नियंत्रणांनी अनुभवी माणसांचेही प्राण घेतले आहेत. बांधणाऱ्याने शंभर वेळा दांडी हलवून पाहिलेली असते. ती हलते हे तो पाहतो. कोणत्या बाजूला हलते हे पाहायला परका डोळा लागतो.

तपासनीस आला म्हणजे तो काय करतो हेही विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. तो विमानाकडे कौतुकाने पाहत नाही. विजेरी आणि आरसा घेऊन त्याच्या खाली शिरतो. नटातून बोल्टचे आटे बाहेर आले आहेत काय, स्प्लिट पिन वळवलेली आहे काय, लॉकवायर नट आवळला जाईल अशा दिशेने ओढलेली आहे काय, हे तो एकेक करून पाहतो. नळी जेथे कडेला घासते तेथे बोट फिरवतो. विमानाचे नाक वर करून इंधन किती वेगाने वाहते ते मोजतो. टाकीतून उताराने येणारे इंधन इंजिनाच्या कमाल गरजेच्या दीडपट तरी वाहिले पाहिजे, असा दंडक आहे. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन करतो आणि गुरुत्वमध्य कोठे पडतो ते गणिताने काढतो. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात शिकवलेल्या तरफेचेच आहे. फळ्यावर चुकले तर एक गुण जातो. येथे चुकले तर विमानाचे नाक खाली येत नाही.

आणि शेवटची, सर्वांत अवघड गोष्ट. मेकॅनिककडे सही मागू नये, दोष मागावेत. ‘एवढे पाहून सही करा’ असे म्हणणाऱ्याच्या दारात जाणकार मेकॅनिक उभा राहत नाही. ‘यात काय चुकले आहे ते सांगा, मी दुरुस्त करून पुन्हा बोलावतो’ असे म्हणणाऱ्याकडे तो आपणहून येतो, कारण तेथे त्याच्या ज्ञानाचा मान राखला जातो आणि त्याच्या ‘नाही’ला किंमत असते. त्याच्या वेळेचा मोबदलाही मोकळ्या मनाने द्यावा. जीव वाचवणाऱ्या सल्ल्याला चहापाण्यावारी नेऊ नये. बेंगळुरूत आयुष्यभर विमाने तपासून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांची वाण नाही. विमानपुऱ्यासारख्या वसाहतींच्या शहरात अशी अनुभवी नजर घराघरांत आहे. तिला सन्मानाने बोलावणारी, आणि तिच्या सहीला कायद्याचे पाठबळ देणारी व्यवस्था उभी राहिली, तर गच्चीवरच्या आणि शेडमधल्या धडपडीला या देशात वेगळे वळण लागेल.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे विमान बांधेल, कोणी पूल बांधेल, कोणी औषध बनवेल, कोणी घरच्या शेतात नवे यंत्र उभे करेल. ज्या दिवशी काम पूर्ण झाले असे वाटेल, त्या दिवशी चुना लावण्याचा मोह होईल. त्या वेळी मोडका बाक मागच्या खोलीत नेऊ नका. तोच पुढे आणून ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. आणि तुमच्यापैकी काहींवर तपासनीस होण्याचीही वेळ येईल. तेव्हा उशिरा जाऊन आरसा देण्यापेक्षा लवकर जाऊन चूक दाखवा, मग समोरचा मित्र चार दिवस रुसला तरी चालेल.

या शाळेत साठ वर्षे हेच काम चालले आहे. येथील शिक्षकांनी रात्री जागून वह्यांवर ओढलेल्या लाल रेघा त्या वयात बोचल्या असतील. त्या रेघा म्हणजे पंख बंद होण्यापूर्वी आत डोकावलेली दुसरी नजर होती. आज येथे जमलेले माजी विद्यार्थी आपापल्या क्षेत्रांत सुखरूप वावरत आहेत, त्यात त्या रेघांचा वाटा मोठा आहे. त्या सर्व गुरुजनांना या निमित्ताने विनम्र अभिवादन.